चेतापेशींना नवे फुटवे कशाने येतात? प्रयोगशाळेतली बशी आणि आपले शरीर

माझा दवाखाना कात्रजमध्ये आहे. काही महिन्यांपूर्वी काचेचे काम करणारा पंचविशीतला एक तरुण वडिलांबरोबर आला. काच उचलताना निसटली आणि मनगटाला करंगळीच्या बाजूने खोल कापले. मोठ्या रुग्णालयात तातडीने शस्त्रक्रिया झाली, तुटलेला चेतातंतू शिवला गेला, जखमही नीट भरली. पण दोन महिने झाले तरी करंगळी बधिर होती आणि पंजाची पकड ढिली होती.

वडिलांनी मोबाइल पुढे केला. त्यावर आलेला एक निरोप दाखवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सापाच्या विषातल्या औषधाने नसा पुन्हा वाढतात म्हणे. आपल्या बागेत तर एवढे साप आहेत. खरं आहे का हे?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण त्यात थोडे खरे होते. सापाच्या विषात चेतापेशींना वाढवणारा पदार्थ खरोखरच असतो, आणि तो शोधणाऱ्यांना नोबेल पुरस्कारही मिळाला आहे. तरीही त्या तरुणाला असे औषध देण्यात अर्थ नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे, ते या लेखात समजून घेऊ.

नस म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूलाही. "नस दबली", "नस कमजोर झाली" असे रुग्ण सांगतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना चेतातंतू म्हणायचा असतो.

चेतापेशीचे मुख्य शरीर अगदी सूक्ष्म असते, पण तिच्यातून धाग्यासारखे फाटे निघतात. आखूड, झाडासारखे पसरलेले फाटे संदेश घेतात. एक लांब धागा संदेश पुढे नेतो, त्याला ॲक्सॉन म्हणतात. पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचणारा ॲक्सॉन कमरेजवळच्या पेशीतून निघतो, म्हणजे त्याची लांबी सुमारे एक मीटर असते. असे हजारो धागे एका आवरणात गुंडाळले की चेतातंतू बनतो.

मनगट कापले तेव्हा त्या तरुणाच्या चेतापेशी मेल्या नव्हत्या. त्यांची शरीरे मानेजवळ शाबूत होती. तुटले होते ते धागे. त्यामुळे प्रश्न असा होता, की जिवंत पेशीतून तुटलेला धागा पुन्हा वाढतो कशाने?

सुरुवात बेडकापासून

शंभर वर्षांपूर्वी याच गोष्टीवर मोठा वाद होता. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० च्या सुमारास कोंबडीच्या भ्रूणात वाढणाऱ्या धाग्यांची फुगीर टोके पाहिली होती. धागा पेशीतूनच बाहेर वाढत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. इतर काहींच्या मते वाटेतल्या अनेक पेशी एकमेकींना जोडल्या जाऊन धागा तयार होत असे.

१९०७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला चेतासंस्थेचा छोटा तुकडा काढला आणि बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवून तो थेंब काचेला उलटा लटकवला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पेशीतून धागा निघून पुढे सरकताना प्रत्यक्ष दिसला. वाद मिटायला मोठी मदत झाली आणि शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या तंत्राची, म्हणजे सेल कल्चरची, पायाभरणी झाली.

आज हे काम पुण्यातही रोज चालते. विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, देशभरातील प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवते. त्यांत चेतापेशींच्या अभ्यासासाठी वापरले जाणारे वाणही असतात.

विषाच्या थेंबातला शोध

आता सापाकडे येऊ. रीता लेवी-मोंताल्चिनी या इटलीतल्या ज्यू डॉक्टर. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांना विद्यापीठात काम करता येईना, तेव्हा त्यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत छोटी प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांवर अभ्यास चालू ठेवला. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईस येथे व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या.

उंदराच्या एका विशिष्ट गाठीचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणाला लावला, की आसपासच्या चेतातंतूंना बेसुमार फुटवे येतात, हे तेव्हा दिसून आले होते. गाठीतून काहीतरी पाझरत असावे, अशी रीता यांना शंका होती. १९५२ मध्ये गाठ असलेले उंदीर बरोबर घेऊन त्या विमानाने ब्राझीलमधील रिओ द जानेरोला गेल्या, कारण तिथे पेशी वाढवण्याची सोय होती. बशीत चेतापेशींचा पुंजका ठेवला आणि जवळच, पण त्याला न चिकटवता, गाठीचा तुकडा ठेवला. सुमारे एका दिवसात पुंजक्याभोवती सूर्याच्या किरणांसारखे धागे उमटले.

हा पदार्थ कोणता, ते शोधायला १९५३ मध्ये स्टॅन्ली कोहेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर आले. पदार्थ प्रथिन आहे की न्यूक्लिइक आम्ल, हे ठरवायचे होते. न्यूक्लिइक आम्ल तोडणारे एंझाइम सापाच्या विषात असते, म्हणून त्यांनी गाठीच्या अर्कात थोडे विष घातले. धागे कमी होण्याऐवजी प्रचंड वाढले. नुसते विष घालून पाहिले, तरीही धागे फुटले! विषात तोच गुण गाठीच्या अर्काच्या हजारो पट होता.

सापाची विषग्रंथी ही मुळात बदललेली लाळग्रंथी आहे. त्यावरून कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या, आणि त्यांतही हा पदार्थ भरपूर सापडला. त्याचे नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात एनजीएफ. १९८६ मध्ये दोघांना नोबेल पुरस्कार मिळाला. योगायोग असा, की कात्रजचे सर्पोद्यान सुरू झाले तेही याच वर्षी.

आपल्याकडच्या नाग आणि घोणस या सापांच्या विषातही एनजीएफ आढळले आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. विषात त्याचे प्रमाण अल्प असते. बाकीचे घटक स्नायू लुळे पाडणारे, रक्त गोठण्याची क्रिया बिघडवणारे किंवा पेशी नष्ट करणारे असतात. म्हणून विष "नसांसाठी चांगले" असे कधीच म्हणता येणार नाही. साप चावल्यास बांधणे, चिरा देणे, चोखणे यांत वेळ न घालवता चावलेला अवयव न हलवता रुग्णालय गाठणे, हाच उपाय आहे.

बशीत फुटवे येण्यासाठी काय काय लागते?

एनजीएफ हे महत्त्वाचे, पण एकटे पुरेसे नाही. प्रयोगशाळेत चेतापेशीला फुटवे आणायचे तर पुढील गोष्टी जुळाव्या लागतात.

- पाय रोवायला जागा. गुळगुळीत काचेवर किंवा प्लास्टिकवर धागा नीट पुढे सरकत नाही. म्हणून बशीला पॉलीलायसिन किंवा लॅमिनिन यांचा लेप देतात. लॅमिनिन हे आपल्या शरीरात पेशींखालच्या अस्तरात असणारे प्रथिन आहे.
- पोषण आणि ऊब. क्षार, साखर, अमिनो आम्ले असलेला द्रव, ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि आम्लता सांभाळण्यासाठी साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली पेटी.
- योग्य वाढघटक. एनजीएफ वेदना जाणवणाऱ्या पेशींवर आणि घाम, रक्तवाहिन्या यांचे नियंत्रण करणाऱ्या काही पेशींवर काम करते. इतर चेतापेशींना दुसरे घटक लागतात. कुलूप वेगळे, किल्लीही वेगळी.
- किल्ली बसणारे कुलूप. पेशीच्या पृष्ठभागावर त्या घटकाचा ग्राहक असावा लागतो. एनजीएफचा मुख्य ग्राहक टीआरके-ए हा आहे. तो नसलेल्या पेशीवर कितीही एनजीएफ ओतले तरी असे फुटवे येत नाहीत.
- पेशीचे वय. भ्रूणातल्या पेशी चटकन धागे सोडतात. प्रौढ प्राण्याच्या मेंदूतल्या पेशी तसे करत नाहीत.

१९७६ पासून वापरात असलेला पीसी-१२ हा पेशींचा वाण याचे उत्तम उदाहरण आहे. या पेशी उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीपासून मिळवल्या. एरवी त्या गोल असतात आणि विभागत राहतात. एनजीएफ दिले की काही दिवसांत विभाजन थांबते आणि त्यांना चेतापेशींसारखे लांब धागे फुटतात. एनजीएफ काढून घेतले की धागे पुन्हा आखडतात. म्हणजे फुटवा आणणे वेगळे आणि तो टिकवणे वेगळे.

धाग्याच्या टोकाशी काय घडते?

वाढणाऱ्या धाग्याच्या टोकाला पंज्यासारखा भाग असतो, त्याला ग्रोथ कोन म्हणतात. त्यातून बारीक बोटे बाहेर येतात, आजूबाजूला चाचपडतात आणि आत जातात. आंधळ्या माणसाने काठीने वाट तपासावी तसे हे चालते. ही बोटे ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची बनलेली असतात. पकड मिळाली की मागून मायक्रोट्युब्यूल या नळ्या पुढे येतात आणि धागा तेवढा लांबतो. ओढणारे रसायन समोर असेल तर टोक तिकडे वळते, दूर लोटणारे असेल तर आखडते.

पाषाणच्या आयसर पुणे या संस्थेत अर्णब घोष यांचा गट याच टोकांचा अभ्यास करतो. कोंबडीच्या भ्रूणातील चेतापेशींत फॉर्मिन-२ हे प्रथिन कमी केले, की ॲक्टिनच्या जुड्या नीट बनत नाहीत, टोकाची पृष्ठभागावरची पकड ढिली होते आणि धाग्याची वाटचाल बिघडते, असे त्यांनी २०१६ मध्ये दाखवले. नुसता वाढीचा संदेश मिळून भागत नाही, पेशीची आतली यंत्रणाही शाबूत लागते, हे यातून कळते.

मग एनजीएफचे इंजेक्शन का देत नाहीत?

देऊन पाहिले आहे. मधुमेहामुळे पायांचे चेतातंतू खराब होतात, त्यांना एनजीएफने आधार मिळेल अशी आशा होती. सुरुवातीच्या छोट्या चाचणीत निकाल बरे दिसले. मग सुमारे एक हजार रुग्णांवर ४८ आठवड्यांची मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २००० साली प्रसिद्ध झाला. खऱ्या औषधाचा आणि नुसत्या पाण्यासारख्या इंजेक्शनचा परिणाम यांत महत्त्वाचा फरक दिसला नाही. उलट इंजेक्शनच्या जागी अनेकांना दुखू लागले.

हे दुखणे अपघाताने आले नव्हते. मोठ्या माणसाच्या शरीरात एनजीएफ वेदनेच्या तंतूंना अधिक संवेदनशील करते. ज्या मुलांमध्ये टीआरके-ए ग्राहक जन्मतःच सदोष असतो त्यांना वेदना कळत नाही आणि घामही येत नाही, हा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. म्हणजे हा पदार्थ वाढ आणि वेदना या दोन्हींच्या वाटेवर बसलेला आहे.

एका ठिकाणी मात्र यश मिळाले. डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पटलाचे चेतातंतू निकामी झाल्याने जखम भरत नाही, अशा दुर्मिळ आजारासाठी एनजीएफपासून बनवलेल्या डोळ्यांच्या थेंबांना युरोपात २०१७ आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. तिथे औषध नेमक्या जागी, थेट पोहोचते. बशीतली परिस्थिती शरीरात सर्वांत जवळून जमली ती इथे.

हात-पाय सुधारतात, मज्जारज्जू का नाही?

हातापायांच्या चेतातंतूंभोवती श्वान पेशी असतात. धागा तुटला की त्या जुना कचरा साफ करायला मदत करतात, वाढघटक सोडतात आणि नव्या धाग्याला रांगेने वाट दाखवतात. मेंदू आणि मज्जारज्जूत ही सोय नाही. तिथल्या आवरणात वाढ रोखणारी प्रथिने असतात, आणि इजेनंतर व्रणही आड येतो.

१९८१ मध्ये कॅनडातील डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या चेतातंतूचा तुकडा पुलासारखा जोडला. ज्या पेशी एरवी वाढत नव्हत्या, त्यांनी त्या पुलात सुमारे ३ सेंटीमीटर लांब धागे सोडले. पुलाच्या पलीकडे पुन्हा मज्जारज्जू लागताच वाढ थांबली. पेशीत वाढीची ताकद होती, जागा प्रतिकूल होती. तरीही या माहितीवरून मज्जारज्जू पूर्ववत करणारा सर्वमान्य उपचार अजून तयार झालेला नाही. त्यामुळे "स्टेम सेलच्या इंजेक्शनने पुन्हा चालू लागाल" असे सांगून कोणी लाखो रुपये मागत असेल, तर आधी चेताविकारतज्ज्ञांना विचारा.

"प्रयोगशाळेत सिद्ध" हे वाचल्यावर काय विचारावे?

अश्वगंधेच्या अर्काने बशीतल्या पेशींना फाटे फुटतात, असे जपानी संशोधकांनी २००० मध्ये दाखवले. असेच निष्कर्ष इतर वनस्पती आणि अळिंब्यांबद्दलही आले आहेत. ही निरीक्षणे खोटी नाहीत. पण बशीतल्या पेशीला अर्क थेट मिळतो. आपण खाल्लेला पदार्थ पोट, यकृत, रक्त असा प्रवास करून तुटलेल्या धाग्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून चार प्रश्न विचारा:

- प्रयोग बशीत झाला, प्राण्यांवर की माणसांवर?
- माणसांवर झाला असेल, तर तुलनेसाठी दुसरा गट होता का?
- नुसते धागे मोजले, की रुग्णाची संवेदना आणि ताकद सुधारली?
- दुष्परिणाम सांगितले आहेत का?

रुग्णाने काय करावे?

- कापल्यावर बोट बधिर झाले किंवा हलत नसेल, तर नुसते टाके घालून थांबू नका. चेतातंतू तुटला आहे का, ते त्याच दिवशी तपासून घ्या. स्वच्छ कापलेला तंतू लवकर शिवला तर फायदा जास्त होतो.
- मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, रोज रात्री तळपाय पाहा, अनवाणी चालू नका.
- ब-१२ जीवनसत्त्व तपासा, विशेषतः शाकाहारी असाल किंवा बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेत असाल तर. कमतरता असेल तर ब-१२ ने खरोखर फरक पडतो. कमतरता नसताना गोळ्यांनी तुटलेला तंतू जुळत नाही.
- "नसांच्या गोळ्या" मनाने वर्षानुवर्षे घेऊ नका. त्यांत अनेकदा ब-६ असते आणि त्याचा मोठा डोस दीर्घकाळ घेतल्यास चेतातंतूंनाच इजा होते.
- त्वचेवर बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात उपचार मोफत आहेत आणि लवकर सुरू केल्यास चेतातंतू वाचतात.
- दारू आणि तंबाखू सोडा. व्यायामोपचार टाळू नका.

त्या तरुणाचे काय झाले?

मी त्याच्या वडिलांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. "काका, शिवलेला धागा पहिला महिनाभर फारसा हलत नाही. त्यानंतर तो दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढतो. मनगटापासून करंगळीचे टोक १६ सेंटीमीटर, म्हणजे १६० मिलीमीटर. सहा-सात महिने तरी लागणारच. आता तर दोनच झालेत."

मग त्याच्या तळहातावर बोटाने हलके ठोकत गेलो. मनगटाच्या जरा पुढे, एका ठिकाणी ठोकताच करंगळीत मुंग्या आल्या. वाढते टोक तिथपर्यंत आले होते. डॉक्टर या खुणेला टिनेलची खूण म्हणतात. त्या जागी पेनाने ठिपका दिला, त्याचे मनगटापासूनचे अंतर केसपेपरवर लिहिले आणि महिन्याने पुन्हा यायला सांगितले.

पुढच्या महिन्यात मुंग्यांची जागा जवळजवळ तीन सेंटीमीटर पुढे सरकली होती. वडिलांनी स्वतःच पट्टी धरून मोजली. विषाच्या औषधाचा विषय पुन्हा निघाला नाही. दरम्यान बोटे आखडू नयेत म्हणून तो रोज व्यायाम करत होता आणि बधिर करंगळीला चटका बसू नये म्हणून गरम भांडे दुसऱ्या हाताने उचलत होता. संवेदना पूर्वीसारखी शंभर टक्के येईलच असे मी त्याला सांगितलेले नाही. स्नायूंपर्यंत धागा पोहोचायला उशीर झाला तर ताकद कमी राहू शकते, हेही त्याला माहीत आहे. पण धागा वाढतो आहे, हे आता तो स्वतः तपासू शकतो.

*या लेखातील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. बधिरपणा, अशक्तपणा किंवा मुंग्या येणे अशी लक्षणे असल्यास आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. चालू असलेली औषधे स्वतःहून बंद करू नका.*